मोजपट्टी कुणाच्या दारात धरायची? शहरांची शाश्वतता मोजणाऱ्या समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
शहरांच्या शाश्वततेचे निर्देशक ठरवणारी समिती

सप्रेम नमस्कार.

निर्देशकांच्या पुढच्या फेरीचा तुमचा मसुदा मी मागच्या मसुद्याशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचला. घरापासून बागेपर्यंतचे अंतर याही वेळी नकाशावर सरळ रेषेत मोजले जाणार आहे. सगळ्या विषयांचे गुण एकत्र करून शहराला एकच आकडा दिला जाणार आहे. नागरिकांच्या हरकतींचा तक्ता शेवटी जोडला आहे आणि त्यात प्रत्येक हरकतीपुढे ‘नोंद घेतली’ एवढेच लिहिले आहे. त्यातली एक हरकत माझी होती. तिला उत्तर मिळाले असते तर हे पत्र मी चारचौघांसमोर लिहिले नसते.

मी कोण, ते आधी सांगते. नऊ वर्षे मी याच आकड्यांसाठी क्षेत्रपाहणी केली. बस थांब्यांचे अक्षांश-रेखांश, झाडांच्या खोडांचा घेर, पदपथांची रुंदी, कचरागाड्यांच्या फेऱ्या. तुमच्यापर्यंत पोहोचणाऱ्या तक्त्यांतले कितीतरी रकाने माझ्या हाताने भरलेले आहेत.

त्यातला एक रकाना मला विसरता येत नाही. ‘घरापासून ३०० मीटरच्या आत सार्वजनिक हिरवी जागा: होय / नाही.’ आम्ही राहतो त्याच इमारतीचा तो रकाना होता. बागेभोवती ३०० मीटरचे वर्तुळ काढले की आमची इमारत त्यात येते, म्हणून मी ‘होय’ भरले. इमारत आणि बाग यांच्यामध्ये सहापदरी रस्ता आहे. दुभाजकावर उंच जाळी आहे. पलीकडे जायचे तर पादचारी पूल चढायचा, नाहीतर पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन पलीकडच्या बाजूने मागे यायचे. माझी आई तेव्हा वॉकर घेऊन चालायची. पुलाच्या पायऱ्या तिला जमणाऱ्या नव्हत्या. सिग्नलवरून पडणारे अंतर मी पुढे एकदा मोजले, ते बाराशे मीटरहून थोडे जास्तच भरले. शेवटची चार वर्षे आई त्या बागेत एकदाही गेली नाही. खिडकीतून तिला झाडांचे शेंडे दिसायचे, तेवढेच. आणि त्या चारही वर्षी शहराच्या तक्त्यात तिला बाग उपलब्ध होती. तसे मीच लिहिले होते.

तेव्हा या पत्रातल्या तक्रारींत माझाही वाटा आहे, हे धरूनच पुढचे वाचा.

तुमच्या प्रस्तावनेत म्हटले आहे की निर्देशक हे फक्त मोजण्याचे साधन आहे, नियोजनाचे निर्णय ज्या त्या शहराने घ्यायचे आहेत. माझे मूळ भांडण या वाक्याशीच आहे. काय मोजायचे हे ठरले की काय बांधायचे हेही बरेचसे ठरून जाते. याचे माझ्या माहितीतले सर्वांत बोलके उदाहरण रस्त्यांचे आहे.

अमेरिकेत रस्त्याच्या क्षमतेचे गणित सांगणाऱ्या अभियांत्रिकी पुस्तिकेने १९६५ साली रस्त्यांना ए ते एफ अशा श्रेणी दिल्या. या मापाला ‘सेवा-पातळी’ म्हणतात. चौकात गाडीला जितका वेळ थांबावे लागते, तितकी श्रेणी खाली. अभियंत्यांसाठी हे सोयीचे माप होते आणि त्या कामापुरते ते ठीकही होते. पुढे कॅलिफोर्नियात पर्यावरणीय परीक्षणाचा कायदा आला, आणि एखाद्या प्रकल्पामुळे वाहतुकीवर काय परिणाम होतो हे तपासायला हेच माप हाताशी असल्यामुळे तेच वापरले जाऊ लागले. मग काय झाले ते बघा. शहराच्या मध्यभागी, रेल्वे स्थानकाजवळ घरे बांधायची ठरली की जवळच्या चौकात गाड्या वाढणार, श्रेणी घसरणार. म्हणजे कागदावर तो पर्यावरणाला धोका. रस्त्याची एक मार्गिका काढून बसला किंवा सायकलला दिली की गाड्या खोळंबणार, म्हणून तोही धोका. उपाय काय, तर रस्ता रुंद करा. आणि शहराबाहेर मोकळ्या माळावर वसाहत बांधली तर तिथले चौक रिकामेच, त्यामुळे श्रेणी उत्तम. पर्यावरण राखण्यासाठी केलेला कायदा या एका मापामुळे माणसांना शहरापासून दूर आणि गाडीच्या अधिक जवळ ढकलत राहिला. सॅन फ्रान्सिस्कोची सायकल योजना पर्यावरणीय परीक्षण न केल्याच्या कारणावरून न्यायालयाने २००६ साली थांबवली, आणि ती स्थगिती पूर्णपणे उठायला २०१० उजाडले.

हे माप कुणाच्या वाईट हेतूने आले नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. ते उपलब्ध होते, आकड्यात बसत होते आणि वर्षानुवर्षे कुणी त्याला हात लावला नाही. शेवटी २०१३ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून ते बदलायचे ठरवले. १ जुलै २०२०पासून तिथे पर्यावरणीय परीक्षणात गाडीचा खोळंबा मोजत नाहीत. प्रकल्पामुळे गाड्यांचा एकूण प्रवास किती मैलांनी वाढेल, ते मोजतात. जमीन तीच, लोक तेच, पण स्थानकाजवळची घरे आता सहसा दोषी ठरत नाहीत आणि लांबवरच्या वसाहतीला उत्तर द्यावे लागते. एक माप बदलायला किती काळ गेला, आणि तोवर किती रस्ते रुंद झाले असतील, याचा विचार तुम्ही करावा. तुमचा मसुदाही असाच वर्षानुवर्षे टिकणार आहे.

आता तुमच्या मसुद्याबद्दलच्या तक्रारी.

अंतराचे सांगून झालेच आहे, पण एक गोष्ट जोडते. सरळ रेषेची पद्धत तुम्ही मनाने काढलेली नाही, हे मला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने अर्धा ते एक हेक्टरची हिरवी जागा घरापासून सरळ रेषेत ३०० मीटरच्या आत असावी असे सुचवले होते, आणि ते करताना त्याचा अर्थ साधारण पाच मिनिटांची चाल असा सांगितला होता. तुम्ही ३०० मीटर घेतले, पाच मिनिटे सोडून दिलीत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांपैकी अकरावे शहरांबद्दल आहे, त्यात सार्वजनिक वाहतुकीचा निर्देशक आहे. त्यात बससाठी ५०० मीटर आणि रेल्वे-मेट्रोसारख्या मोठ्या क्षमतेच्या वाहतुकीसाठी एक किलोमीटर ही मर्यादा धरतात, अंतर चालण्याच्या रस्त्यांच्या जाळ्यावरून काढतात आणि आकडे स्त्री-पुरुष, वय आणि अपंगत्व यांनुसार वेगळे मागतात. म्हणजे पद्धत तयार आहे. रस्त्यांच्या जाळ्याचे नकाशे आम्ही पाहणीवाल्यांनीच तुम्हाला करून दिलेले आहेत. त्यात जिने, जाळ्या, बंद फाटके आणि उंच कठडे भरायला किती काम लागते तेही मी सांगू शकते: एका प्रभागाला दोन माणसांचे साधारण दोन आठवडे. हिरव्या जागांचा २०२१ साली मांडला गेलेला ३-३०-३०० नियम तर घरापासूनच सुरू होतो. प्रत्येक घरातून तीन झाडे दिसावीत, प्रत्येक वस्तीवर तीस टक्के पर्णछत्र असावे आणि तीनशे मीटरवर बाग असावी. माझ्या आईला निदान झाडे दिसत होती. तुमच्या तक्त्यात त्यालाही रकाना नाही.

दुसरी तक्रार एकाच गुणाची. हवा, पाणी, घरे, वाहतूक, हिरवळ या सगळ्यांचे गुण घेऊन तुम्ही साधी सरासरी काढता. एका शहराला तीन विषयांत ०.९, ०.९ आणि ०.३ मिळाले आणि दुसऱ्याला तिन्हींत ०.७, तर तुमच्या हिशोबात दोन्ही शहरे सारखी. पहिल्या शहरातला ०.३ कशाचा आहे, हे कुणी विचारणार नाही. तो पाण्याचा असेल तर तिथे कुणीतरी दूषित पाणी पीत आहे, आणि ते पाणी चांगल्या रस्त्यांनी भरून निघत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमालाही मानव विकास निर्देशांकात हीच अडचण आली होती. २०१० साली त्यांनी साधी सरासरी सोडून गुणोत्तर मध्य घेतला: तिन्ही आकडे गुणायचे आणि घनमूळ काढायचे. त्या पद्धतीने वरच्या पहिल्या शहराला ०.६२ मिळतात आणि दुसऱ्याला ०.७च राहतात. दुबळी बाजू लपत नाही. मला विचाराल तर एकच गुण नसलेलाच बरा. पण क्रमवारी लावायचीच असेल तर निदान एवढा बदल तुम्ही करू शकता, त्याला नवी पाहणीही लागत नाही.

तिसरी तक्रार सरासरीचीच आहे, पण जागेच्या आणि वेळेच्या सरासरीची. हवेसाठी तुम्ही शहराची वार्षिक सरासरी घेता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५ या सूक्ष्म कणांची मार्गदर्शक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५वर आणली, म्हणजे जुनी मर्यादा निम्मी केली, कारण कमी प्रमाणातही हे कण इजा करतात असे पुरावे साचत गेले. इतक्या बारीक फरकाला महत्त्व असताना शहरभराचा एक आकडा कुणाच्या फुप्फुसांबद्दल बोलतो? मोजणी केंद्र झाडीच्या आवारात असेल तर ते त्या आवाराची हवा सांगते. मालवाहू गाड्यांच्या रस्त्यालगतची शाळा, सकाळी मुले आत शिरतात ती वेळ, तिथे कुणी मोजलेले नसते. मी हवेची पाहणी केलेली नाही, त्यामुळे केंद्रे कुठे असावीत हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण ती आज कुठे आहेत आणि का आहेत, हे तुमच्या अहवालात छापलेले मला कधी दिसले नाही.

चौथी तक्रार झाडांची आणि अशाच सगळ्या मोजण्यांची. लावलेली रोपे मोजली जातात, जगलेली झाडे नाहीत. बांधलेले सायकलमार्ग किलोमीटरमध्ये मोजले जातात, त्यांच्यावरून कोण जाते ते नाही. कोपनहेगन शहर १९९०च्या दशकापासून नियमितपणे सायकलींचा हिशोब प्रसिद्ध करते. त्यात मार्गांची लांबी असतेच, पण सायकलवाल्यांना रस्त्यावर सुरक्षित वाटते का, हेही विचारलेले असते. दहा वर्षांच्या मुलीला एकटीने सायकलवर शाळेत पाठवायला आईवडील तयार आहेत का, या प्रश्नाच्या उत्तरात रस्त्याची रुंदी, गाड्यांचा वेग, चौकाची रचना आणि दिव्यांची अवस्था हे सगळे येते. किलोमीटरमध्ये ते येत नाही.

पाचवी तक्रार मला सगळ्यांत जास्त टोचते. तुमचा एक निर्देशक आहे, ‘अपुऱ्या घरांत व अनौपचारिक वस्त्यांत राहणाऱ्यांचे प्रमाण.’ ते कमी झाले की शहराचे गुण वाढतात. हे प्रमाण दोन रीतींनी कमी होते. वस्तीला पाणी, संडास, पक्की घरे आणि जमिनीचा हक्क मिळाला तर होते; आणि वस्ती उठवून लोकांना हद्दीबाहेर घालवले तरीही होते. तुमच्या आकड्याला या दोन्हींतला फरक कळत नाही. पाहणीत एकदा मी मागच्या यादीतल्या एका वस्तीत पोहोचले तर तिथे सपाट जमीन आणि पत्र्याचे कुंपण होते. नियमाप्रमाणे मी ‘वस्ती अस्तित्वात नाही’ असे लिहिले. ती माणसे कुठे गेली हे लिहायला जागाच नव्हती. त्या वर्षी तो निर्देशक सुधारला.

जमिनीच्या वापराबद्दल थोडक्यात. शहराची जमीन ज्या वेगाने वाढते त्याला लोकसंख्यावाढीच्या वेगाने भागायचे, हे गुणोत्तर तुम्ही अकराव्या उद्दिष्टातून घेतले आहे. ते एकाखाली आले की तुम्ही ‘कार्यक्षम’ म्हणता. पण एका खोलीत आठ माणसे कोंबली तरी ते एकाखाली येते, आणि लोकसंख्या घटत असलेल्या शहरात ते उणे होऊन बसते. सोबत माणशी घराचे क्षेत्रफळ दिल्याशिवाय ते छापू नका.

आणि हद्दीचा प्रश्न. धूर सोडणारा कारखाना हद्दीबाहेर गेला आणि त्याचा माल शहरातच विकत घेतला गेला, तर तुमच्या हिशोबात शहराचे उत्सर्जन घटते. हवामानाच्या कामासाठी एकत्र आलेल्या महानगरांच्या सी४० गटाने २०१८ साली ७९ शहरांचे उपभोगाच्या बाजूने, म्हणजे शहरात वापरला जाणारा माल कुठेही बनला तरी तो धरून, उत्सर्जन काढले, तेव्हा ते नेहमीच्या पद्धतीच्या आकड्यापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त भरले. तुमच्या मसुद्यात उपभोगाचा उल्लेखही नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, निर्देशक सोपे असावे लागतात, शंभर शहरांना एकच तक्ता भरता आला पाहिजे. तुलनेसाठी समान व्याख्या लागतात हे मलाही मान्य आहे. २०१४ सालच्या आयएसओ ३७१२० या मानकाने शहरांसाठी शंभर निर्देशकांच्या व्याख्या ठरवून दिल्या, त्याचा उपयोग मी रोजच्या कामात अनुभवला आहे. त्याआधी ‘पाणीपुरवठा असलेले घर’ म्हणजे काय, यावरच दोन कार्यालयांचे जुळत नसे. पण समान व्याख्या ही एक गोष्ट आणि लोकांना न विचारता केलेली निवड ही दुसरी. सिएटलमध्ये नागरिकांच्या एका गटाने १९९३ साली आपल्या शहराचे निर्देशक स्वतः बसून ठरवले आणि प्रसिद्ध केले. त्यात स्थानिक ओढ्यांत परतणाऱ्या रानटी सॅमन माशांची संख्या होती. हा मासा समुद्रातून आपल्या जन्माच्या ओढ्यात अंडी घालायला येतो. ओढ्यावरची सावली गेली, काठावर डांबर वाढले, पावसाबरोबर तेल आणि गाळ वाहून आला की तो परतणे कमी होते. जमिनीचा वापर, पाण्याची प्रत, झाडी, रस्ते, सगळ्यांची खबर एका माशात होती, आणि ती शाळकरी मुलालाही कळत होती. असा निर्देशक समितीच्या बंद खोलीत सुचत नाही. तो त्या ओढ्याकाठी राहणाऱ्यांनाच सुचतो.

लोकसहभागासाठीही तुमच्या मसुद्यात एक रकाना आहे: ‘नियोजनात नागरिकांच्या सहभागाची यंत्रणा आहे का?’ माझ्या हरकतीपुढे ‘नोंद घेतली’ लिहून तुम्ही त्या रकान्यात स्वतःला पूर्ण गुण देऊ शकता. तसे होऊ नये, म्हणून मागण्या लिहिते.

बाग, बस थांबा, दवाखाना आणि शाळा यांचे अंतर चालण्याच्या खऱ्या वाटेने मोजा, आणि ते वॉकर किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यासाठी वेगळे काढून छापा.

शहराच्या सरासरीशेजारी सर्वांत वाईट अवस्थेतल्या प्रभागाचा आकडा त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात द्या. एकच गुण द्यायचा असेल तर साधी सरासरी बंद करा.

वस्ती यादीतून गेली तर तिथले लोक कुठे गेले याचा रकाना सक्तीचा करा. तो रिकामा असेल तर सुधारणेचे गुण देऊ नका.

लावलेल्या झाडांऐवजी पाच वर्षांनी जिवंत असलेली झाडे मोजा.

हवेची मोजणी केंद्रे कुठे आहेत आणि ती जागा का निवडली, हे नकाशासह जाहीर करा.

हद्दीतल्या उत्सर्जनाच्या आकड्याखाली उपभोगाचा आकडाही द्या.

प्रत्येक निर्देशकापुढे एक ओळ लिहा: हा आकडा बिघडला तर कोणता निर्णय बदलेल आणि तो कोण घेईल. ज्या निर्देशकापुढे ही ओळ लिहिता येत नाही तो काढून टाका. पाहणीवाल्यांचे दिवस वाचतील आणि ते वरच्या कामांना वापरता येतील.

आणि मसुदा पक्का करण्याआधी प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या. ‘अमान्य’ असले तरी चालेल, कारण मात्र हवे.

तुमच्यापैकी कुणी यायला तयार असेल, तर आमच्या इमारतीच्या दारापासून बागेच्या फाटकापर्यंत मी सोबत चालेन. मोजायचे चाक माझ्याकडे आहे. आईचा वॉकरही घरात आहे, तो बरोबर घेऊन निघू, आणि जे अंतर आणि जितका वेळ भरेल तो त्या रकान्यात तुमच्यासमोर लिहू.

आपली,
एक माजी क्षेत्र-सर्वेक्षक